गिटारशेठ

आमच्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात शेठ व्हायला फारसं काही लागत नाही. दोन म्हशी असल्या तरी शेठ, टेम्पो असला तरी शेठ, आणि दुसऱ्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मंचरच्या बाजारात उतरला तरी हमाल त्याला शेठच म्हणतो. तेव्हा पेठेतल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकाला गाव गिटारशेठ म्हणतं त्यात मान किती आणि टिंगल किती, हे बाहेरच्या माणसाला उमगायचं नाही. गावानंही ते कधी नक्की केलेलं नाही.

पुण्याकडून खेड घाट चढून वर आलं की पेठ, आणि पुढं अवसरी घाट उतरला की मंचर. मधलं हे सातगाव पठार म्हणजे पावसाच्या भरवशावरचा बटाटा. जुलै-ऑगस्टात ढग खाली उतरले आणि पानांवर काळे डाग दिसायला लागले, की सगळं पठार शेठच्या काउंटरवर. मागं डाव्या हाताला करप्याची औषधं, उजव्या हाताला फवारणीचे पंप, नोझल, वॉशर. आणि मधोमध, जिथं इतर दुकानांत लक्ष्मीचा फोटो असतो तिथं खिळ्याला टांगलेली गिटार. लक्ष्मी आहे, पण तिला जरा बाजूला सरकावं लागलंय.

हा माणूस फक्त पेठेतच असतो असं समजू नका. मंचरला मोबाइलच्या दुकानात एक आहे, नारायणगावात फोटो स्टुडिओत एक आहे, ओतूरचा बँकेत आहे. वय पस्तीस ते पंचेचाळीस. कॉलेजात असताना होस्टेलवर कुणीतरी चार कॉर्ड दाखवलेले असतात. मग लग्न होतं, बापाचा धंदा अंगावर येतो, पोट सुटतं, आणि एका दिवाळीत बायकोनं फ्रिजसाठी जमवलेल्या पैशात थोडी भर घालून किंवा थोडी काढून घेऊन गिटार घरी येते. वाजवता येतं का? येतं की! ‘दम मारो दम’ची सुरुवात येते. ती १९७१ साली भूपिंदर सिंग यांनी वाजवली, हे शेठ वाजवायच्या आधी सांगतो आणि वाजवून झाल्यावर पुन्हा सांगतो. गाणं जिथं सुरू होतं तिथं तो थांबतो.

त्याला वाजवताना फार थोड्यांनी ऐकलंय. सांगताना मात्र सगळ्या पठारानं ऐकलंय. आणि गंमत अशी, की तो सांगतो त्यातलं काहीही खोटं नसतं.

कुरवंडीचा एक शेतकरी बटाट्याचं पान रुमालात गुंडाळून घेऊन आला होता. शेठनं पान उलटं केलं, खालची पांढरी बुरशी पाहिली, म्हणाला, “उशिराचा करपा. पंधरा लिटरच्या पंपाला तीस ग्रॅम, आणि पानाच्या खालनं मारा.” पुडी बांधता बांधता त्याची नजर गिऱ्हाइकाच्या हातावर गेली. “बोटं लांब आहेत तुमची. वेळेवर शिकला असता तर बार कॉर्ड बसला असता.” शेतकरी उरलेल्या पैशांची वाट बघत उभा होता. पैसे मिळाले, पण त्याआधी तर्जनी सपाट न ठेवता जरा कडेवर कलती ठेवायची, फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून ठेवायची, आणि बार शिकताना पहिल्या फ्रेटवर मारामारी न करता पाचव्या-सातव्यापासून सुरू करायचं, कारण तिथं तार दाबायला कमी जोर लागतो, हे सगळं त्याला ऐकून घ्यावं लागलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे औषधाचा गुण आला.

शेठचं खरं गिऱ्हाईक म्हणजे अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं. कॉलेज २००९ साली निघालं आणि होस्टेलबरोबर गिटारीही आल्या. एखादा पोरगा बॅग पाठीला लावून येतो. दोन महिने झाले, बोटं सोलली, नाद सोडावा म्हणतो. शेठ गिटार हातात घेतो, वाजवत नाही. डोळ्यापाशी धरून बंदुकीतून नेम धरावा तसा मानेकडं बघतो. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्याशी फट किती राहते ते पाहतो. व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट असली की मान ठीक. मग पट्टी काढून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजतो.

“चार मिलिमीटर! अरे, दोन-अडीच हवी. हिच्यावर भूपिंदर सिंगांचीही बोटं सोलली असती.”

मग इलाज. तारांच्या बुडाशी जी पांढरी पट्टी असते, सॅडल, ती बाहेर काढायची आणि सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून खालच्या बाजूनं घासायची. तार जेवढी खाली आणायची त्याच्या दुप्पट घासायची. पण एकदम नाही, थोडं घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. तारा बाराच्या असतील तर दहाच्या लावायच्या. “दहाचा सेट घेतला तरी सगळ्या तारा मिळून साठ किलोंच्या आसपास ताण पडतो,” तो पोराला सांगतो, “म्हणजे बटाट्याची एक गोणी या लाकडाला रात्रंदिवस लोंबकळतीय. आणि तू ही उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून पुण्याला नेतोस? सरस पातळ होऊन ब्रिज उचलंल की!” आंघोळीनंतर लगेच वाजवू नको, बोटं मऊ पडलेली असतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पूस. सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पंधरा मिनिटं, रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई करू नको. डोस चुकवायचा नाही.

पोरं ऐकतात, सुधारतात, आणि चौथ्या सेमिस्टरपर्यंत कॉलेजच्या फेस्टमध्ये वाजवायला लागतात. शेठच्या गिटारीचं सॅडल मात्र त्यानं एका निवांत रविवारी एवढं घासलं, की तारा फ्रेटला घासून फरफरायला लागल्या. आता त्याखाली दूध डेअरीचं जुनं कार्ड कापून घातलंय. तारा काळ्या पडल्यात. दुकानात गंधकाच्या गोण्या आहेत, आणि गंधक तांब्याला सोडत नाही, हे निदानही त्याचंच. इलाजही त्याला माहीत आहे. गोण्या हलवायच्या, नाहीतर गिटार हलवायची. दोन्ही जागच्या जागी आहेत.

एकदा हलवली होती. कुठंतरी वाचलं, की गिटारीला हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के दमटपणा लागतो. पठारावरच्या पावसात लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात. एप्रिलात तेच लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटाला टोचायला लागतात. हे सगळं बरोबर आहे. यावरून शेठनं काढलेला निष्कर्ष असा, की आपल्या भागात हवा खेळती राहावी म्हणून शास्त्रशुद्ध बांधलेली एकच जागा असते, ती म्हणजे कांद्याची बराख. गिटार बराखीत गेली. आठवड्याभरानं आईच्या लक्षात आलं. “माझ्या कांद्याला काय झालं तर ती तुझी पेटी चुलीत जाईल,” एवढंच ती म्हणाली. गिटार परत खिळ्यावर आली. त्यानंतर पाहुण्यांच्या नव्या बुटांच्या खोक्यांतून शेठ त्या पांढऱ्या खड्यांच्या पुड्या गोळा करतो आणि गिटारीच्या पोटात टाकतो. वाजवताना त्या आतून खुळखुळतात. ताल धरायला बरं पडतं म्हणतो.

तालावरून आठवलं. मेट्रोनोमशिवाय सराव करू नये, साठच्या लयीपासून सुरुवात करावी, चूक न होता तीनदा वाजलं तरच लय वाढवावी, ही त्याची आवडती शिकवण. पण मोबाइलमधला मेट्रोनोम ‘निर्जीव’ वाटतो म्हणून तो शेजारच्या पिठाच्या गिरणीवर सराव करायचा. गिरणीच्या पट्ट्याला जिथं जोड असतो, तो जोड चाकावरून जाताना दर फेऱ्याला टक्क वाजतो. त्या टक्कवर शेठ जी, सी, डी बदलायचा. अडचण एवढीच, की डब्यातली ज्वारी जात्यात पडली की मोटर ओढते, लय उतरते. दळण संपत आलं की लय चढते. शेठची लय अजून तशी आहे. बारीक दळणाची आणि जाड दळणाची.

आता तार लावण्याचं. यात गिटारशेठचं आयुष्य जातं, तेव्हा आपलीही दोन-चार मिनिटं जायला हरकत नाही.

सहा तारांची नावं जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. पोरांना लक्षात राहावीत म्हणून त्यानं वाक्य बसवलंय: ‘एक आजी दारात गप्प बसली एकटी.’ हे ऐकून त्याची आजी म्हणाली, “मी कधी गप्प बसले रं?” नव्या तारेला खुंटीवर दोन-तीनच वेढे द्यावेत, नाहीतर ती घसरत राहते. नवी तार बोटानं हळूहळू ओढून ताणावी, पुन्हा लावावी, पुन्हा ताणावी. सूर नेहमी खालून वर चढवत आणावा. वर गेला तर पार खाली उतरवून पुन्हा चढवावा. तार खाचेत अडकून ‘टिक्’ करत असेल तर खाचेत शिसपेन्सिल फिरवावी. आणि कार्यक्रमाच्या दिवशी नवी तार लावू नये. दोन दिवस आधी लावावी. शेवटचा नियम तो बोट उगारून सांगतो.

घरात त्याचे चुलत आजोबा होते. तरुणपणी नारायणगावच्या तमाशाच्या फडात तुणतुणं वाजवायचे. नारायणगाव म्हणजे विठाबाईंचं नारायणगाव. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडायच्या आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला यायचे, तो काळ आजोबांनी पाहिलेला. म्हाताऱ्याचं तुणतुणं अजून भिंतीवर होतं: लाकडी नळकांडं, चामडं, एक काठी, एक खुंटी, एक तार. शेठ मोबाइलकडं बघत, कान पिळत, ओठ चावत बसायचा आणि म्हातारा खाटेवरून बघायचा. एकदा म्हणाला, “आमची बाई गाता गाता सूर बदलायची. तेवढ्यात खुंटी पिळून आम्ही तिच्यासंगं. थांबायला टाइमच नव्हता. लोकांनी तिकिटं काढलेली असायची.” शेठनं त्याला समजावलं, की दादा, तुमची एक तार, माझ्या सहा. म्हातारा म्हणाला, “मग पाच काढून टाक.”

पण शेठचा खरा प्रतिस्पर्धी भजनी मंडळातले बुवा. त्यांच्या गळ्यात वीणा असते आणि कानात त्याहून कडक काहीतरी. गिटार भारतीय वाद्यच नव्हे, असं त्यांचं मत. शेठनं त्यांना ब्रिजभूषण काब्रा यांचं १९६७ सालचं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकवलं: शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली गिटार. बुवांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, “हा माणूस वाजवतोय. तुझं काय?” मग शेठनं गिटार बिनचूक लावली, मोबाइलवर सहाही तारांना हिरवा दिवा लागला, आणि जीचा कॉर्ड वाजवला. बुवा डोळे मिटून म्हणाले, “गांधार चढा आहे.”

आणि बुवांचं बरोबर होतं! गिटारीचे फ्रेट हे सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे करून बसवलेले असतात; त्यामुळं तिचा गांधार गळ्यातल्या नैसर्गिक गांधारापेक्षा चौदा सेंट वर असतो. सेंट म्हणजे दोन लगतच्या सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग. पेटीतही हाच घोळ आहे. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली ती मींड निघत नाही म्हणून आणि सूर असे बांधलेले म्हणूनही. हे सगळं शोधून काढायला शेठला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत त्यानं दुसरी तार, म्हणजे बी, चौदा सेंट उतरवून पाहिली. जी मधासारखा गोड लागला. पण ईच्या कॉर्डमध्ये तीच तार पंचम असते, तो पंचम उतरला. ई रडायला लागला. तार वर चढवली, जी खवळला. शेजारच्या गिरणीवाल्यानं त्या काळात दळणाचं काम रात्री काढलं.

तरीही भजनी मंडळानं त्याला सप्ताहात बसवायचं ठरवलं, आणि त्याला कारण कॅपो. तो चिमटा शेठची खरी इस्टेट. बुवा गातात काळी चारमध्ये. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की जीचा सोपा आकार काळी चार होतो, डीचा काळी दोन, सीचा काळी एक. म्हणजे पोराला चार सोपे कॉर्ड येत असतील तरी तो कुठल्याही बुवांच्या मागं बसू शकतो. आणि ज्या कॉर्डला भिऊन अर्धे हौशी वादक गिटार विकून टाकतात तो एफ, त्याचं तोंडही पाहावं लागत नाही. शेठनं स्वतः एफ आजवर वाजवलेला नाही. तो त्याला चुकवत आलाय, सावकाराला चुकवावं तसा नाही. मानानं, वळसा घालून.

सप्ताहात झालं ते असं. मंडळाची पेटी जुनी, सगळीच थोडी चढी. पेटीचे सूर बसल्या जागी हलवता येत नाहीत, तेव्हा गिटारीनं पेटीकडं जायचं, हा नियम शेठला पाठ. ट्यूनरमधला चारशे चाळीसचा आकडा पेटीप्रमाणे सरकवायचा असतो, हेही पाठ. त्यानं सरकवायला घेतला. चारशे त्रेचाळीस की चव्वेचाळीस? पखवाजवाल्यानं कणीक मळली, थापली, लावली, वाजवून पाहिली. पेटीवाल्यानं पान लावलं. “होतंय, दोन मिनिटं,” शेठ म्हणाला. अभंग सुरू झाला, संपला. गवळण झाली. शेठची सहावी तार लागली तेव्हा माइकवरून महाप्रसादाच्या पंगतीची सूचना चालली होती. पण पंगतीत त्याला वाढताना कुणी हात आखडता घेतला नाही. “शेठ, पुढच्या वर्षी आदल्या दिवशी या,” पेटीवाला म्हणाला, आणि त्यात खवचटपणा नव्हता.

बिबट्याचा प्रसंगही सांगितला पाहिजे. आमच्याकडं शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची, आणि उसात बिबटे. वनखातं सांगतं, रात्री एकट्यानं जाऊ नका, बॅटरी घ्या, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावा. शेठ कांद्याला पाणी द्यायला गिटार घेऊन गेला. रात्रभर मोटरीपाशी बसून ‘दम मारो दम’ची सुरुवात. बिबट्या आला नाही हे खरं आहे. बारं धरणारा गडीही दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

आणि या सगळ्यात एक पोरगी होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. शेठची पुतणी, आठवीतली. काका गिऱ्हाइकात गुंतला की ती खिळ्यावरची गिटार काढायची. काकाच्या दोनशे सूचनांपैकी तिनं तीन उचलल्या: रोज थोडा वेळ, बोट फ्रेटला खेटून, आणि कॅपो. बाकीच्या तिला ऐकू येत नसाव्यात. डेअरीचं कार्ड, काळ्या तारा, पोटातला खुळखुळा, सगळ्यासकट ती वाजवायची. एके दिवशी शेठ गोदामातून आला आणि दारातच उभा राहिला. पोरगी गाणं अख्खं वाजवत होती. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मधे न थांबता. असंही करता येतं हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, असं गिरणीवाला सांगतो.

शाळेच्या गॅदरिंगला तिचं नाव लागलं. गाणं ‘सैराट’मधलं. अजय-अतुल लहानपणी याच बाजूला, जुन्नर-घोडेगावात वाढले, हे शेठ असं सांगतो जसं काही ते उधारीवर खत न्यायचे. आणि त्या सिनेमाचं संगीत हॉलिवूडला जाऊन वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं, हेही. पुतणीनं ते चार कॉर्डांत बसवलं होतं, जीच्या आकारात, कॅपो पहिल्या फ्रेटवर. दुपारी शेठनं “एकदा शेवटचं तपासतो” म्हणून गिटार घेतली आणि दुसरी तार तोडली. नवी तार लावायला इलाज नव्हता. कार्यक्रमाच्या दिवशी.

स्टेजवर हॅलोजन. पहिली ओळ संपेपर्यंत नवी तार घसरली. फार नाही, केसभर. पहिल्या रांगेत बसलेल्या शेठला ते सुईसारखं टोचलं. तो दोन बोटं वर करून दुसरी तार, दुसरी तार अशा खुणा करायला लागला. पोरीला वाटलं काका विजयाची खूण करतोय, ती हसली आणि पुढं वाजवत राहिली. मागच्या बाकावरच्या बायका गुणगुणायला लागल्या. गाणं संपलं, शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या.

शेजारच्या खुर्चीत बुवा होते. डोळे मिटलेले. उघडून म्हणाले, “आज पहिल्यांदा गांधार बरोबर लागला बरं का.”

शेठनं तोंड उघडलं. तार घसरली, चौदा सेंट, हॅलोजनची उष्णता, सगळं ओठांवर आलेलं दिसत होतं. मग त्यानं इकडं तिकडं पाहिलं, खुर्चीत जरा सरकून ऐसपैस बसला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला,

“कॅपो आपला आहे.”